साहेब, विमानात एकदा खर्डा वाढून बघा

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली



हे पत्र विमानाच्या उशिराबद्दल नाही. आम्ही एसटीवर वाढलेली माणसं. उशिराची तक्रार करायची असते हे आम्हाला विमानात बसायला लागल्यावर कळलं. गुडघे पुढच्या सीटला टेकतात, पिशवी अर्धा किलो जास्त भरली म्हणून पैसे घेतले, खिडकीची जागा म्हणून जादा आकार लावला आणि तिथं खिडकीच नव्हती, असल्या गाऱ्हाण्यांसाठी तुमच्या खात्यानं २०१६ साली 'एअरसेवा' काढली आहे. तिथं लिहिणारे पुष्कळ आहेत. हे पत्र पोटाबद्दल आहे आणि ते सातारा-सांगलीकडून येतंय, म्हणजे त्यात तिखट जरा जास्त असणार.

तुम्हालाच का लिहितोय? तुम्ही मुळशीकडचे, पुण्याचे, आणि तालमीची माती अंगाला लागलेले. खुराक म्हणजे काय हे दिल्लीतल्या फायलीला समजावून सांगावं लागतं, पैलवानाला नाही.

आधी आमची भौगोलिक परिस्थिती सांगतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून एकही नियमित प्रवासी विमान उडत नाही. कराडला धावपट्टी आहे. सांगलीजवळ कवलापूरला विमानतळाची जागा आहे. दोन्हींवर प्रवासी विमानं उतरत नसली तरी निवडणुकीच्या हंगामात भाषणं नियमित उतरतात. शेजारी कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला, म्हणून सांगलीकरांची थोडी सोय होते. बाकी आमच्या माणसाचा विमानप्रवास सुरू होतो तो स्टँडवर. पहाटेचं विमान असलं तर तो मध्यरात्रीच निघतो, खंबाटकी उतरतो, कात्रजच्या गर्दीतून लोहगावला पोचतो, आणि तिथं दोन तास आधी हजर राहतो. विमान हलायच्या आत त्याची एक न्याहारी आणि अर्धं जेवण बुडालेलं असतं. आता सांगा, त्यानं डबा घ्यायचा नाही तर काय करायचं?

आमच्याकडून विमानात बसतं कोण, हेही दिल्लीत माहीत नसेल. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्याकडचे माण-खटाव हा कमी पावसाचा पट्टा. इथली माणसं पोटापाण्यासाठी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. त्यांना आम्ही गलाईवाले म्हणतो. केरळपासून आसामपर्यंत कुठल्याही शहरातल्या सराफ पेठेच्या बोळात जा, मागं भट्टीवर विट्याकडचा माणूस भेटेल. जत्रेला, लग्नाला आणि मतदानाला तो गावी येतो. पूर्वी दोन-दोन दिवस रेल्वेत काढायचा, आता कोइमतूर किंवा गुवाहाटीचं विमान पकडतो. दुसरे आमचे फौजी. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात, कारण तिथं घराघरातून माणूस सैन्यात. तिसरी, लेकीच्या बाळंतपणाला कॅलिफोर्नियाला निघालेली आजी. या तिघांच्या बॅगा उघडून बघितल्या तर कपडे तळाला आणि थोडे सापडतील.

वर काय असतं? दशम्या असतात. पीठ पाण्याऐवजी दुधात मळलं की त्या दोन-तीन दिवस मऊ राहतात; प्रवासाला पाण्याचा हात लावायचा नाही हे आमच्या बायकांना कुठल्या अन्नशास्त्राच्या पदवीशिवाय माहीत आहे. शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी. सांगलीचं भडंग. तासगावकडचे बेदाणे. सांगलीची हळद, हळदीला आणि बेदाण्याला दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा त्यांना पिशवीत मान देऊन ठेवतात. उन्हाळ्यात वाळवलेल्या कुरडया आणि सांडगे. साताऱ्याचे कंदी पेढे. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलं असेल कुणी तर कवठाची बर्फी. आणि सगळ्यांच्या मध्ये, तीन पिशव्यांत गुंडाळून, दोऱ्यानं बांधून, वर पुन्हा स्टीलच्या डब्यात: कांदा-लसणाची चटणी.

ही चटणी म्हणजे ताटात डावीकडं वाढतात ती नव्हे. आमच्याकडं कांदा-लसूण मसाल्यालाच चटणी म्हणतात. मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ आणि घरागणिक बदलणारा गरम मसाला भाजून, तळून, कुटून वर्षभराची करून ठेवतात. ती नसली तर आमची आमटी होत नाही. आमच्या आत्यानं ती एकदा हातातल्या पिशवीत घेतली होती. विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी अडली. जवान हरियाणाकडचा असावा.

"माताजी, ये क्या है?"

"चटणी हाय, बाळा. घरची."

"मिर्ची पाउडर है?"

"मिरची हाय, पर निस्ती न्हाई. लसूण हाय, कांदा हाय, खोबरं हाय..."

"खोबरं" म्हटल्यावर शेजारच्या भावकीतल्या पोरानं हुशारी करून "कोकोनट" असं भाषांतर केलं आणि जवानानं पिशवी पुन्हा उघडली. त्यात ओटीची अख्खी खोबऱ्याची वाटी निघाली. आता दोन गुन्हे झाले. मागं रांग थांबलेली. आत्यानं शांतपणे विचारलं, "तुमच्याकडं कालवणात काय घालत्यात मग?"

साहेब, नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तिखटाची पूड कुणाच्या डोळ्यांत फेकता येते, म्हणून ती हातातल्या पिशवीत चालत नाही. खाली सामानात टाकावी लागते. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते तापतं आणि पेट घेऊ शकतं, म्हणून जगभरच्या विमान वाहतुकीत त्याचं नाव धोकादायक मालाच्या यादीत आहे. ही कारणं ऐकली की आमच्या आत्यालाही पटतात. चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बाईला खोबरं कसं पेटतं हे सांगायला लागत नाही. पण हे तिला कळतं कधी? रांगेत उभं राहिल्यावर, इंग्रजी-हिंदीत, कचऱ्याच्या पेटीपाशी. चटणीची पिशवी त्या पेटीत पडली तेव्हा तिनं जवानाला एवढंच सांगितलं, "टाकू नगं, घरी ने. पर भाजीत अर्धाच चमचा घाल."

आणि नियम माणसासाठी थोडा सरकतो, हेही आम्ही पाहिलंय. २०२४ च्या ऑक्टोबरात तुमच्याच खात्यानं शबरीमलाच्या भक्तांना इरुमुडीतला नारळ विमानात जवळ बाळगायची परवानगी दिली, २० जानेवारी २०२५ पर्यंत, आणि तीही एक्स-रे व स्फोटकांची तपासणी करून. चांगलंच केलं. आम्ही तर सवलतही मागत नाही. घरातून निघायच्या आत मराठीत कळू द्या, एवढंच.

आता वर जाऊ. विमानात जे खायला मिळतं त्याबद्दल.

परवा एका विमानात मला कागदी कपातला उपमा मिळाला. त्यात गरम पाणी ओततात, झाकण लावतात आणि थांबायला सांगतात. थांबलो. झाकण उघडलं तर रवा तळाशी आणि मोहरी वर, एकमेकांशी बोलणं बंद असलेल्या दोन भावांसारखी. शेजारच्या बाईंनी सँडविच घेतलं होतं. फ्रीजमधून थेट हातात आलेलं, इतकं गार की दातांना कळलं, जिभेला नाही. दोन्हींच्या किमतीत इस्लामपूरच्या ढाब्यावर अख्खा मसूर, चार रोट्या आणि वर कांदा-लिंबू मागून घेता आला असता.

दोष सगळा कंपन्यांचा नाही. विमानात स्वयंपाक होतच नाही. जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरात अन्न शिजतं, ते झपाट्यानं थंड करतात, आणि वर गेल्यावर गरम हवेच्या भट्टीत पुन्हा तापवतात. त्यात पुन्हा आपली जीभ. विमानाच्या आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. महाबळेश्वर साडेचार हजार फूट; महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच कळसूबाईचं शिखर पाच हजार चारशे फूट. म्हणजे आठ हजारांवर जेवायचा अनुभव या राज्यात कुठल्याही डोंगरावर मिळत नाही, फक्त सीट क्रमांक २३ 'ब' वर मिळतो. हवा कोरडी, नाक सुकलेलं, आणि वास नाही तिथं चव कुठली? लुफ्तान्सा या जर्मन कंपनीनं फ्राउनहोफर संस्थेकडून हे तपासून घेतलं. तेव्हा दिसलं की वर मीठ वीस ते तीस टक्के आणि साखर पंधरा ते वीस टक्के कमी जाणवते. पुढं २०१५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात इंजिनाइतक्या गोंगाटात माणसांना चवी देऊन बघितल्या. गोड दबलं, टोमॅटोत असते ती खमंग चव, जिला जपानी लोक उमामी म्हणतात, ती उलट वाढली. म्हणून एरवी टोमॅटोचा रस न पिणारी माणसं विमानात तो मागतात.

आता यातून निष्कर्ष काय निघतो? वर गेल्यावर मीठ आणि साखर दगा देतात. मसाला आणि आंबट बरंचसं टिकतं. आणि तिखट तर चवीच्या वाटेनं जातच नाही, ते झोंबतं. मिरचीची जाणीव वेदनेच्या नसांवाटे होते, तिला नाक चोंदलेलं असलं तरी चालतं. म्हणजे पस्तीस हजार फुटांवर सगळ्यांत शहाणं अन्न कुठलं? सौम्य, पांढरं, बेताचं मीठ घातलेलं उपमा-सँडविच, की कांदा-लसणाची चटणी, खर्डा आणि चिंच-गुळाची आमटी? जर्मनीत प्रयोगशाळेत जे सापडलं ते माणदेशातल्या बाईनं डब्यात आधीच भरलेलं होतं. तिनं ते पोरगं उपाशी राहू नये म्हणून भरलं होतं, ही गोष्ट वेगळी.

या बाबतीत गाऱ्हाणं करणारे आम्ही पहिले नव्हे. विमानात जेवण द्यायची सुरुवात ११ ऑक्टोबर १९१९ रोजी झाली असं सांगतात. लंडन-पॅरिस मार्गावर हँडली पेज कंपनीनं तीन शिलिंगांत खोक्यातलं जेवण विकलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते विकतच होतं, फुकट नव्हतं. १९८७ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी सॅलडमधलं एक-एक ऑलिव्ह काढलं आणि वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचवले, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात कौतुकानं सांगतात. आमच्याकडं कुणी भडंगातले शेंगदाणे काढून पैसे वाचवले तर त्याच्यावर व्यवस्थापनाचा धडा निघणार नाही, दुकान बंद होईल. आणि डिसेंबर २००८ मध्ये मुंबईहून लंडनला गेलेल्या एका इंग्रज प्रवाशानं ताटातल्या पिवळ्या पदार्थानं हैराण होऊन थेट विमान कंपनीचे मालक रिचर्ड ब्रॅन्सन यांना पत्र लिहिलं. ते कस्टर्ड आहे की मोहरी, हेच त्याला ठरवता येईना. पत्र जगभर गाजलं. ब्रॅन्सन यांनी त्याला स्वतः फोन केला. तेव्हा, साहेब, फोन आला तरी आमची हरकत नाही.

एक कबूल करतो: आमचं सगळंच खाणं विमानात न्यायच्या लायकीचं नाही. हुलग्याचं माडगं पातळ. शिपी आमटीचा घाट मोठा. जत्रेतली रक्ती आणि वजडी ज्यानं खाल्ली आहे त्याच्यासाठी ती अमृत आहे, पण शेजारच्या सीटवरच्या गुजराती काकांना ती समजावून सांगण्यात नागपूर मागं पडेल. बंद केबिनमध्ये सुके बोंबील उघडणाऱ्याला तर मी स्वतः मधल्या सीटवर बसवीन. खरवसही नको; तो हलला की संपला. आग्नेय आशियातल्या अनेक कंपन्या ड्युरियन फळ विमानात येऊ देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. शेजाऱ्याचं नाक हाही प्रवासीच आहे.

शेंगदाण्याचंही जपायला हवं. काही माणसांना त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते आणि विमानात डॉक्टर मिळेलच असं नाही. म्हणून शेंगाची चटणी सरसकट वाढा असं मी म्हणणार नाही. बंद पुडीत, ठळक सूचना छापून, मागेल त्याला द्या. इतरांना कारळ्याची द्या. कारळ्याचा रंग बघून कुणी दचकलं तर हवाई सुंदरीनं फक्त "खाऊन बघा" म्हणावं. पुढचं काम कारळं करतील.

मग काय चालेल? अख्खा मसूर चालेल. तो पुन्हा तापवल्यावर उतरत नाही, उलट चढतो, हे पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. ताजी भाकरी तापवली की वातड होते, म्हणून ती वर नको. तिच्या जागी दशमी किंवा सोलापुरी कडक भाकरी. लसूण घातलेला कोरडा खर्डा, चमचाभर. खपली गव्हाची गुळातली खीर, जिला सांगलीकडं हुग्गी म्हणतात. वर साखर कमी जाणवते तिथं गूळ आपलं काम करील. भडंग तर विमानासाठीच जन्माला आलंय: ओलं नाही, नासत नाही, सांडलं तरी डाग नाही, आणि वजनाला इतकं हलकं की इंधनाचा हिशेब करणाऱ्या साहेबालाही तक्रार करता येणार नाही.

कंपन्यांनी काय वाढावं हे तुम्ही ठरवत नाही, हे मला ठाऊक आहे. २००३ साली एअर डेक्कननं स्वस्त विमानं सुरू केली, आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' मिरवला आणि तिकिटातून जेवण वगळलं. तिथपासून हा ज्याचा-त्याचा धंदा आहे. पण कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये 'उडान यात्री कॅफे' निघाला, दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत सामोसा मिळू लागला, तो काही कंपन्यांच्या मनात आपोआप आला नव्हता. खात्याच्या शब्दाला वजन असतं, आणि त्या वजनाला सामानाची मर्यादा नाही. म्हणून चार मागण्या.

पहिली. घरून काय नेता येतं, काय फक्त खालच्या सामानात जातं आणि काय घरीच ठेवायचं, याची मराठी यादी चित्रांसह काढा. खोबरं, तिखट, लोणचं, तूप, खर्डा ही नावं तिच्यात असू द्या. नुसतं 'ज्वालाग्राही पदार्थ' लिहिल्यानं आत्याला खोबरं आठवत नाही. ती यादी तिकिटाबरोबर मोबाइलवर येऊ द्या आणि एसटी स्टँडवरही लागू द्या, कारण आमचं विमान तिथून सुटतं.

दुसरी. तपासणीत अडलेलं घरचं अन्न कचऱ्यात जाऊ नये. तिथंच ते कुरिअरनं परत पाठवायची किंवा सोडायला आलेल्या माणसाकडं द्यायची सोय हवी. पैसे आम्ही देऊ.

तिसरी. महाराष्ट्रातून उडणाऱ्या विमानांत विकत मिळणाऱ्या पदार्थांच्या यादीत एक तरी पुडी इथल्या महिला बचत गटाची असावी. अन्नसुरक्षेचा परवाना, पॅकिंग, तारीख, सगळं नियमाप्रमाणे तपासा. पण वर्षाला ठरावीक मालाची खात्री द्या. एका लग्नाची चटणी कुटणाऱ्या बायकांना हजार पुड्यांचं भय नाही, त्यांना भय आहे ते पुढच्या महिन्यात मागणी येईल की नाही याचं.

चौथी. पुणे आणि कोल्हापूरच्या विमानतळांवर परवडेल अशी झुणका-भाकर मिळू द्या. १९९५ साली या राज्यानं ती एक रुपयात देऊन बघितली आहे. आम्ही एक रुपया म्हणत नाही. सामोशाच्या भावात द्या, कांदा फुकट द्या.

हे झालं तर विमानाला उशीर झाला तरी आमच्याकडून तक्रार येणार नाही. पोट भरलेला माणूस चांगला प्रवासी असतो; तो आढ्याकडं बघत बसून राहतो आणि जमलं तर झोपतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कृष्णाकाठचा एक प्रवासी

ता. क. : पहिली पुडी कुठली घ्यावी, यावर सातारा आणि सांगली यांचं एकमत होईपर्यंत थांबू नका, ते व्हायचं नाही. सातारकर म्हणतील कंदी पेढा, सांगलीकर म्हणतील भडंग. जाताना भडंग आणि येताना पेढा असं ठेवा, म्हणजे दोघांनाही आपलाच मान मोठा वाटेल. हे पत्र वाचून कोल्हापूरकरही तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी अर्ज करतील. त्यांना परदेशी जाणाऱ्या विमानांतला पातळ पदार्थांचा १०० मिलीचा नियम देशांतर्गतही लावावा, ही नम्र विनंती.